हरवलेले सिनेमे, फाटकी पुस्तकं आणि रात्री दोनपर्यंतचं इंटरनेट

रीळतुटका

मंडळी, विषय एकच आहे पण तो सिनेमा, पुस्तकं, यूट्यूब असा सगळीकडं हिंडून येणार, तेव्हा चहा घेऊनच बसा. सध्या मला एक नवीन नाद लागलाय, हरवलेल्या गोष्टींचा. म्हणजे जे सिनेमे, मालिका कधीकाळी बनल्या, लोकांनी तिकीट काढून बघितल्या आणि आज ज्याची एकसुद्धा प्रत जगात कुठं नाही. लॉस्ट मीडिया म्हणतात याला. इंटरनेटवर यालाच वाहून घेतलेली माणसं आहेत आणि ती आपल्यापेक्षा लई येडी आहेत, एका कार्टूनच्या एका भागासाठी दहा दहा वर्षं भांडत बसतात.

सुरुवात झाली डॉक्टर हू या ब्रिटिश टीव्ही मालिकेपासनं. बीबीसीनं साठच्या दशकातल्या त्या मालिकेच्या टेपा पुसून परत वापरल्या, परदेशात विकायला काढलेल्या फिल्मच्या कॉप्यासुद्धा टाकून दिल्या, कारण जुनं परत कोण बघणार हा हिशोब. पण त्या काळातल्या काही पोरांनी घरात टीव्हीपुढं टेपरेकॉर्डर धरून आवाज उतरवून ठेवला होता. त्यामुळं ज्या भागांचं चित्र गेलं त्या सगळ्यांचा आवाज आज आहे. सगळ्यांचा! एवढ्या मोठ्या कंपनीला जमलं नाही ते पोरांनी केलं. नंतर २०१३ ला नायजेरियात एका टीव्ही स्टेशनात डबे मिळाले, त्यात हरवलेले ९ भाग निघाले.

मग डॉसन सिटी. कॅनडाच्या पार वरच्या अंगाला सोन्याच्या खाणीचं गाव. सिनेमे गावोगाव फिरत शेवटी तिथं पोचायचे, परत पाठवायचा खर्च कोण करणार म्हणून रीळं तिथंच साठली, आणि १९२९ ला ती जुन्या पोहण्याच्या टाकीत भर म्हणून टाकली. १९७८ ला तिथं बांधकामासाठी उकरताना ५०० च्या वर रीळं निघाली, बर्फाळ जमिनीनं जपून ठेवलेली. आणि 'मेट्रोपोलिस', १९२७ चा जर्मन सिनेमा, प्रीमियरनंतर कापलेला, त्याची जवळजवळ पूर्ण प्रत २००८ ला कुठं मिळाली तर ब्युनोस आयर्समध्ये, आणि ती तिथं आली होती एका सिनेमावेड्या समीक्षकाच्या घरच्या संग्रहातनं.

आता म्हणाल कोल्हापूरच्या माणसाला याचं काय. तर हेच. हे सगळं रात्री दोनपर्यंत बघून सकाळी मी खरी कॉर्नरवरनं कामाला जातो, तिथं मूकपट बनवणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे, त्याच्याशेजारी गाड्या लावून लोक वडापाव खातात, मीपण खातो. ज्या माणसानं आनंदराव पेंटरांबरोबर प्रोजेक्टर खोलून कॅमेरा बनवायचा घाट घातला, आनंदराव १९१६ ला गेले तरी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला, तानीबाई कागलकरांनी पैसे दिले म्हणून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, त्या माणसाची १९२० ची 'सैरंध्री' कुठं आहे? नाही. टिळकांनी जी बघून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ती 'सैरंध्री'. बायकांनी पडद्यावर काम केलं म्हणून ज्यांना समाजानं वाळीत टाकलं त्या गुलाबबाई आणि अनसूयाबाईंची 'सैरंध्री'. १९२५ चा 'सावकारी पाश' कुठं आहे? तोपण नाही. व्ही. शांताराम त्यात जमीन गेलेला, शहरात गिरणीत गेलेला तरणा शेतकरी झाले होते, ते फक्त वाचायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की जगात कुठंही बघा, टिकलं ते ज्याच्या मालकीचं होतं त्यानं टिकवलेलं नाही. कुठल्यातरी शौकिनानं, नाहीतर टाकून द्यायचा कंटाळा करणाऱ्या माणसानं टिकवलंय. तर प्रश्न असा की तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, आज्जीच्या कपाटात काय आहे? सिनेमाच्या गाण्यांची पुस्तकं, तिकिटं, जाहिरातीची पत्रकं, रहस्यकथा, कॅसेटवर उतरवलेलं काही. लिहा.

पांढरा रस्सा

भावा नाद खुळा लिहिलंयस पण आमच्या माळ्यावर फक्त गणपतीची मखरं आणि एक बंद पडलेला मिक्सर आहे. हरवलेल्या मिक्सरचा धागा काढशील तेव्हा हाक मार.

उमा टॉकीज बाल्कनी

माझे मामा ऑपरेटर होते, गावोगावच्या तंबूतल्या टॉकीजपासनं सुरुवात, नंतर कोल्हापुरात पक्क्या थेटरात. कार्बनच्या कांड्या जळायच्या त्या प्रोजेक्टरवर, त्याचा उजेड आणि वास, खोलीत उभं राहवत नसे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका झळकायचा, तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं, मामा नंतर टीव्हीवर सिनेमा बघतानासुद्धा त्या ठिपक्याला दचकायचे.

आम्हा पोरांना त्यांच्याकडनं मिळायचे ते रीळ तुटल्यावर कापून टाकलेले तुकडे. ते उन्हात धरून बघायचे, नाहीतर पाणी भरलेला बल्ब, आरसा आणि खोका घेऊन भिंतीवर पाडायचे. एक तुकडा म्हणजे एक हिरॉईन असा भाव होता, मारामारीचे तुकडे जास्त महाग. आता कळतंय की गावागावातली पोरं मिळून किती सिनेमे कापून खिशात घालून फिरत होतो. तुमच्या हरवलेल्या सिनेमांपैकी अर्धा मिनिट आमच्या चड्डीच्या खिशात गेलाय असं समजा.

बाकी थेटरं गेली पण नावं गेली नाहीत. रिक्षावाल्याला आजपण उमा टॉकीज म्हणा, पद्मा टॉकीज म्हणा, व्हीनस कॉर्नर म्हणा, बरोबर सोडतो. नवीन पोराला विचारलं व्हीनस म्हणजे काय तर म्हणाला स्टॉपचं नाव आहे.

स्पष्ट बोलतो

राग मानू नका पण सगळं जपायची काय गरज आहे? त्या काळात ढीगभर पौराणिक सिनेमे निघत होते, त्यातले निम्मे बघण्यासारखे नसणार. आज रोज जेवढं इंटरनेटवर टाकलं जातंय ते बघायला सात जन्म पुरणार नाहीत. हरवलं म्हणून थोर वाटतं. 'सैरंध्री' उद्या सापडली तर इथले किती जण सलग बसून बघतील हात वर करा.

रीळतुटका

@स्पष्ट बोलतो, मी वर करतो, पण तुमचा मुद्दा अर्धा मान्य. सापडली तर पहिली वीस मिनिटं बघून मी मोबाईल काढीन हे मलापण माहितीय. पण भीमानं कीचकाला मारलं तो प्रसंग इतका अंगावर येणारा होता की सेन्सॉरनं कापायला लावला असं सांगतात. १९२० ला, कोल्हापुरात, आवाज नाही रंग नाही, तर नेमकं काय दाखवलं असेल ओ? हे बघितल्याशिवाय कळणार कसं? चांगला का वाईट हे ठरवायला तरी वस्तू पाहिजे की समोर. आज आपण बाबूरावांना थोर म्हणतो ते दुसऱ्यांच्या सांगण्यावर, उधारीवर.

आणि उलटं उदाहरण घ्या. देशातला पहिला बोलपट 'आलम आरा', १४ मार्च १९३१ ला मुंबईत लागला, त्याची प्रत आज कुठंच नाही, फोटो आणि छापील कागद आहेत तेवढे. आणि पुढच्याच वर्षी ६ फेब्रुवारी १९३२ ला आलेला 'अयोध्येचा राजा', प्रभात फिल्म कंपनीचा, तो आहे! दुर्गा खोटे, गोविंदराव टेंबे, सगळे हलतात बोलतात गातात. प्रभात पुण्याला गेली १९३३ ला, त्याच्या आधी हा इथं कोल्हापुरात झाला. मी लॅपटॉपवर बघितला, एका बाजूला वरण उतू जातंय आणि मी दुर्गाबाई तारामती म्हणून ज्या तोऱ्यात उभ्या राहतात ते परत परत मागं घेऊन बघतोय. नाटकातनं उचललेली वाक्यं मध्येच जड होतात, खोटं कशाला बोलू, पण बाई उभ्या राहिल्या की फ्रेम त्यांची. आता हा हरवला असता तर हे वाक्य मी लिहू शकलो नसतो, "थोर अभिनेत्री होत्या म्हणे" एवढंच लिहिलं असतं.

गंगावेशीतला

'सावकारी पाश' वरनं आठवलं, त्यातल्या त्या झोपडीच्या शॉटबद्दल सगळे लिहितात ना, अंधारी झोपडी, लांबनं घेतलेली, आणि कुत्रं रडतंय. सिनेमे बनवणाऱ्या जे. बी. एच. वाडियांची आठवण आहे ती. मला कायम प्रश्न पडायचा की मूकपटात कुत्र्याचं रडणं वाडियांना ऐकू कसं आलं 😂

पुण्यात अडकलेला

कारण ते मूकपटाबद्दल नाहीच आहे. बाबूरावांनी 'सावकारी पाश' १९३६ ला परत केला, बोलपट म्हणून. वाडियांना मूकपट पुसट आठवत होता आणि झोपडी आणि कुत्रं हे बोलपट बघितल्यावरचं आहे. पण पुढं लिहिणाऱ्यांनी ते उचलून १९२५ च्या नावावर टाकलं आणि एकाचं बघून दुसऱ्यानं. इंटरनेटवर तर सगळीकडं तसंच फिरतंय. वस्तू नसली की असं होतं, आठवणीच एकमेकीत मिसळतात आणि तपासायला काही राहत नाही. मला वाटतं @स्पष्ट बोलतो यांना हेच उत्तर आहे.

काळा चष्मा

सिनेमाचं चाललंय पण पुस्तकांचं हाल बघा की. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळा पहाड हे त्यांचे नायक, आमच्या वडलांची पिढी त्यावर वाढली. आज त्यातल्या किती मिळतात? भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांत त्या हातोहात फिरल्या, कागद हलका, शिलाई नाही, नुसत्या पिना, वाचून वाचून चोथा झाला आणि रद्दीत गेल्या. जेवढं जास्त वाचलं जाईल तेवढं लवकर मरतं असा प्रकार. जड जड ग्रंथ कपाटात बसून राहिले ते टिकले.

माझ्याकडं अशीच लायब्ररीतनं निकालात काढलेली एक रहस्यकथा आहे. पहिल्या पानावर शिक्का, त्याखाली सूचना, पुस्तक फाडल्यास भरपाई घेतली जाईल, आणि शेवटची दोन पानं नाहीत. खून कुणी केला ते त्याच पानांवर. पण कुणीतरी भल्या माणसानं पान अकरावर, जिथं ते पात्र पहिल्यांदा येतं, तिथं पेन्सिलीनं बाण काढून "हाच" लिहून ठेवलंय. आता हा माणूस दुष्ट का संत यावर आमच्या घरात दोन तट आहेत.

मधली सुट्टी

हाच 😂😂 संत. शंभर टक्के संत.

भयकथा लिहिणाऱ्या धारपांचं मात्र उलटं झालं बघ. 'तुंबाड' सिनेमा आला २०१८ ला, तेव्हा फारसा चालला नाही, मग लोकांनी घरात बसून बघितला, तोंडातोंडी पसरला आणि २०२४ ला परत थेटरात लावला तर पहिल्यापेक्षा जास्त धंदा केला. आणि त्यापाठोपाठ पोरं विचारायला लागली की नारायण धारप कोण. त्या सिनेमाच्या मुळाशी धारपांची 'आजी' ही कथा आणि 'आजी'च्या मुळाशी स्टीफन किंगची कथा, म्हणजे अमेरिकेतली म्हातारी कोकणात येऊन पडद्यावर गेली. माझ्या भाच्यानं मला विचारलं तुमच्याकडं धारप आहेत का, मी म्हटलं बाळा, ते वाचून मी रात्री परसाकडं जायला घाबरायचो, आहेत की. इतकी वर्षं आईच्या मागं लागणं चाललं होतं रद्दीत घालू नको म्हणून, ते फळाला आलं.

कागदी होडी

नमस्कार, मी बरीच वर्षं ग्रंथालयात काम करते, वाचत होते सगळं, आता राहवेना. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासनं चालू आहे आपल्या गावात, तेव्हा कागद जपायची या गावाला सवय नाही असं म्हणू नका. पण घरात जे सापडेल त्याचं काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही ते सांगते, कारण लोक प्रेमानं वाट लावतात.

लॅमिनेशन अजिबात करू नका. उष्णतेनं कागद कायमचा चिकटतो, परत सोडवता येत नाही. सेलोटेप नको, काही वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो आणि पट्टी गळून पडते, डाग राहतो. गंजलेल्या पिना असतील तर ओढू नका, मागनं पाय सरळ करून अलगद काढा. स्कॅन करताना पुस्तक दाबून सपाट करायचा मोह होतो, पाठ मोडते, त्यापेक्षा वरनं मोबाईलनं फोटो काढा, फ्लॅश बंद, खिडकीजवळ. आणि कव्हर, मागची जाहिरात, छापखान्याचं नाव, किंमत, सगळ्याचे फोटो घ्या. लोक फक्त हिरोचं चित्र टाकतात आणि ज्या ओळीवरनं साल कळणार ती सोडून देतात.

रीळ सापडलं तर वेगळी गोष्ट. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फिल्म कुजायला लागली आहे आणि शेजारच्या डब्यांनाही लागते, ती बाजूला काढा. १९५० च्या आधीची असेल तर नायट्रेट असू शकते, ती पेटली तर पाण्यातसुद्धा विझत नाही कारण जळताना लागणारा ऑक्सिजन तिच्यातनंच निघतो. घरात ठेवू नका, कुरिअर तर मुळीच करू नका, पुण्याच्या फिल्म आर्काइव्हला कळवा. तिथंसुद्धा २००३ ला आग लागून नायट्रेटची जुनी रीळं गेली, त्यात प्रभातची होती. म्हणजे बघा.

उमा टॉकीज बाल्कनी

आगीचं नाव काढलं. केशवराव भोसले नाट्यगृह जळालं ती रात्र आठवली, ८ ऑगस्ट २०२४, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी १९१५ ला बांधलेलं. मी शेजारच्या खासबाग मैदानाच्या बाजूला उभा होतो गर्दीत. शेजारचा एक माणूस, ओळख ना पाळख, मला सांगत होता की त्यानं तिथं कुठलं कुठलं नाटक बघितलं, एकामागनं एक नावं. जयप्रभा स्टुडिओ १९४८ ला गांधीजींच्या खुनानंतरच्या दंगलीत जाळला, भालजी पेंढारकरांनी परत उभा केला. आपल्या गावाचा सिनेमा नाटकाचा इतिहास लिहायचा तर अग्निशामक दलाच्या वहीपासनं सुरुवात करावी लागेल.

स्पष्ट बोलतो

कागदी होडी ताई, माहिती उपयोगाची, सेव्ह केली. माझा मूळ मुद्दा तिथंच आहे पण. आणि एक, हे सगळं स्कॅन करून टाकाल इंटरनेटवर, कॉपीराइटचं काय? उद्या नोटीस आली म्हणजे?

पुण्यात अडकलेला

आपल्याकडं सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासनं ६० वर्षं. म्हणजे प्रभात आणि हंस या कंपन्यांचे, भालजींचे सुरुवातीचे, सगळे सिनेमे मोकळे. लेखकाचं मात्र मरणानंतर ६० वर्षं असतं. खांडेकर १९७६ ला गेले, म्हणजे त्यांची पुस्तकं २०३६ संपेपर्यंत कुणी उचलून टाकायची नाहीत, ज्या 'छाया'ची (१९३६, मास्टर विनायक) कथा त्यांनी लिहिली तो सिनेमा मात्र कधीच मोकळा झालाय. विचित्र आहे पण आहे असं. घरातल्या पुस्तिकेचं कव्हर दाखवलं म्हणून कुणी तुरुंगात टाकत नाही, तरी अख्खं पुस्तक टाकण्याआधी साल बघा.

पांढरा रस्सा

बरं ऐका. चेष्टा करून गेलो खरा पण तुमच्यामुळं काल आज्जीला विचारलं. तिनं देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यातनं, हरिपाठ आणि व्रतांच्या पुस्तकांच्या मधनं एक पुस्तिका काढून दिली. कव्हर गेलंय. आठ पानं, गुलाबी कागद, एका पानावर हळदीचा बोटाचा ठसा. गाणी आहेत आणि थोडक्यात कथा, शेवट लिहिलेला नाही, "पुढे काय झाले ते रुपेरी पडद्यावर पहा" असं आहे. संगीत आनंदघन असं छापलंय. आज्जी म्हणते यातलं एक गाणं ती दळताना म्हणायची, म्हणून ठेवलं, सिनेमा तिनं बघितलेलाच नाही. हे आनंदघन कोण?

रीळतुटका

अरे येड्या आनंदघन म्हणजे लता मंगेशकर!! त्या नावानं त्यांनी मोजक्या सिनेमांना संगीत दिलं, बहुतेक भालजींच्या. गाण्यांत 'ऐरणीच्या देवा' आहे का बघ पटकन. असेल तर तो 'साधी माणसं', १९६५, लोहार नवराबायकोची गोष्ट, सूर्यकांत आणि जयश्री गडकर, आणि ते गाणं आपल्या जगदीश खेबुडकरांचं.

पांढरा रस्सा

आहे!! दुसऱ्या पानावरच आहे. हळद त्याच पानाला लागलीय. आज्जीला लता मंगेशकर सांगितलं तर म्हणाली गाणारी ती आहे हे माहीत होतं, चाल पण तिचीच होय.

पुण्यात अडकलेला

१९६५ म्हणजे सिनेमाचे ६० वर्षं २०२५ बरोबर संपतात. पण खेबुडकर २०११ ला गेले, तेव्हा गाण्याचे शब्द २०७१ पर्यंत टाकू नका. कव्हर नाही ना, मग पहिलं पान, कथेचं पान आणि छापखान्याची ओळ एवढं टाका.

कागदी होडी

हळदीचा डाग पुसायला जाऊ नका हं. पिना गंजल्यात का? फोटो टाका, मी सांगते कशा काढायच्या.

पांढरा रस्सा

टाकतोय. पण आज्जीनं अट घातलीय, पुस्तिका घराबाहेर जायची नाही आणि फोटो काढून झाल्यावर हरिपाठाच्या खाली होती तशीच परत ठेवायची. आणि ती विचारतेय तुमच्यापैकी कुणाकडं 'मोहित्यांची मंजुळा' सिनेमाची पुस्तिका आहे का, तिची जाऊबाई घेऊन गेली ती परत दिलीच नाही.

गंगावेशीतला

जाऊबाईंचं गाव कुठलं? कागल असेल तर रविवारी जाऊन येतो.